‘दोस्त राष्ट्रे’ हे शब्द फळ्यावर लिहिण्याआधी : इतिहास शिकवणाऱ्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये इतिहास शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि बाईंना,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात राहते, माहेर साताऱ्याकडचं. गेल्या दिवाळीत माहेरची माळ्यावरची ट्रंक खाली काढली. ती माझ्या आजोबांची, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आत जुने कागद, एक खाकी पट्टा, आणि जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेली पदकं होती. त्यातला एक सहा टोकांचा काशासारखा तारा माझ्या नववीतल्या मुलीने उचलला. त्यावर ‘इटली स्टार’ अशी अक्षरं आहेत. फीत विटली असली तरी रंग कळतात : लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल.

तिने विचारलं, “आई, इटली तर शत्रू होती ना? जर्मनी, इटली, जपान. मग पणजोबांच्या बिल्ल्यावर इटलीचं नाव कसं? आणि हे तर इटलीच्या झेंड्याचे रंग आहेत.”

दिवाळीची सुट्टी संपल्यावर तिने हाच प्रश्न वर्गात विचारला. उत्तर मिळालं, “ते परीक्षेला नाही.”

मी त्या शिक्षकांना दोष देत नाही. पस्तीस मिनिटांचा तास, साठ मुलं, वर शाळाबाह्य कामांचा बोजा, हे सगळं मला दिसतं. पण प्रश्न तिथेच विझला याचं वाईट वाटलं, कारण अख्ख्या दुसऱ्या महायुद्धावर विचारता येईल असा तो फार चांगला प्रश्न होता. म्हणून हे पत्र.

आपण फळ्यावर मधोमध रेघ ओढतो. एका बाजूला दोस्त राष्ट्रे, दुसऱ्या बाजूला अक्ष राष्ट्रे. मुलं दोन्ही याद्या पाठ करतात. त्यात ‘दोस्त’ हा शब्द इतका गोड आहे की ही सगळी राष्ट्रं एका विचाराने आणि एका बरोबरीने एकत्र आली असावीत असं मुलांना वाटतं. तसं नव्हतं. प्रत्येक जण आपापलं दुखणं घेऊन आला होता. कुणी स्वतःहून आला, कुणाला न विचारता आणलं गेलं, आणि कुणाला आधी ‘दोस्त’ म्हणून शेवटी वाऱ्यावर सोडलं. ही गोष्ट मुलांना कळायला हवी, आणि ती सांगण्यासाठी आपल्याला मॉस्को-वॉशिंग्टनपर्यंत जावं लागत नाही. माणगाव, संगमनेर आणि कोल्हापूर एवढं पुरतं. मधे एक इटलीतली नदी लागते.

आधी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देते. जुलै १९४३ मध्ये दोस्तांच्या फौजा सिसिलीत उतरल्या आणि त्याच महिन्यात मुसोलिनीला सत्तेवरून दूर केलं गेलं. ८ सप्टेंबरला इटलीने हत्यारं खाली ठेवल्याचं जाहीर केलं. जर्मनांनी लगेच उत्तरेकडचा आणि मधला इटली ताब्यात घेतला, आणि १३ ऑक्टोबरला इटलीच्या राजाच्या सरकारने जर्मनीविरुद्धच युद्ध पुकारलं. काल ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या ते आज शेजारच्या खंदकात. तरीही दोस्तांनी इटलीला ‘दोस्त’ म्हटलं नाही, नुसतं ‘बरोबरीने लढणारा देश’ असा वेगळा दर्जा दिला. म्हणजे ‘दोस्त’ या शब्दाचा हिशेब तेव्हाही काटेकोरपणे ठेवला जात होता. आपणच तो सैलपणे वापरतो.

आता ती नदी. तिचं नाव सेनियो. आबा तिला ‘शेनी’ म्हणायचे. ते जंगी पलटणीत होते, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये. युद्धाबद्दल फारसं बोलायचे नाहीत. आम्हा पोरांना त्यांनी इटालियन शब्द मात्र शिकवले होते. ‘मांजारे’ म्हणजे जेवणं. आजी पानं घ्यायला लागली की आबा ओसरीवरून ‘मांजारे, मांजारे’ असा पुकारा करायचे आणि आम्ही खरंच मांजर शोधायचो. पण शेनीचा विषय निघाला की म्हणायचे, “नदी कसली, आपल्या ओढ्याएवढी. पण तिचे बांध!”

पुढे वाचलं तेव्हा कळलं की ते अगदी खरं सांगत होते. सेनियोचं पात्र लहान, पण पुराचं पाणी अडवायला दोन्ही काठांवर तीन-तीन पुरुष उंचीचे मातीचे बांध घातलेले. १९४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हे बांध आतून पोखरले, त्यात भुयारं आणि मशिनगनच्या जागा केल्या, पुढे सुरुंग पेरले. काही ठिकाणी एकाच बांधाच्या अलीकडच्या अंगाला दोस्तांचे सैनिक आणि पलीकडच्या अंगाला जर्मन, अशी स्थिती होती. शेताच्या बांधावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात. इथे बांधाच्या दोन अंगांना दोन फौजा महिनोन्‌महिने दबा धरून बसल्या होत्या.

९ एप्रिल १९४५ ला दोस्तांची आठवी आर्मी या नदीवर चालून गेली. नकाशावर त्या आघाडीची ओळ समुद्राकडून आत वाचत गेलं की मुलांना ‘दोस्त राष्ट्रे’ म्हणजे काय ते दिसेल. समुद्राच्या बाजूला इटलीच्याच नव्या सैन्याचा ‘क्रेमोना’ गट, आणि त्याच्यासोबत जर्मनांविरुद्ध लपूनछपून लढलेले इटालियन बंडखोर. मग आपली आठवी हिंदी डिव्हिजन. तिला लागून न्यूझीलंडची डिव्हिजन, तिच्यात माओरींची स्वतःची बटालियन. पुढे जनरल अँडर्सचं पोलिश सैन्य. त्या वसंतात याच नदीवर पॅलेस्टाईनमधून आलेली ज्यूंची ब्रिगेडही होती. या सगळ्यांच्या पाठीशी ब्रिटिश तोफा, डोक्यावर अमेरिकी विमानं. एवढ्याशा ओढ्याच्या काठावर इतक्या भाषा!

आणि ‘हिंदी डिव्हिजन’ म्हणजे तरी काय? तिच्या प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक ब्रिटिश आणि दोन हिंदुस्थानी किंवा गोरखा पलटणी, अशी सर्वसाधारण रचना असायची. जंगी पलटणीच्या ब्रिगेडमध्ये पंजाबी पलटण होती आणि इंग्लंडच्या केंट परगण्यातली पोरंही होती.

त्या दिवशी नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप पोचवणारे. नदी ओलांडताना बांधावरच्या मशिनगननी त्यांच्याबरोबरच्या लोकांना कापून काढलं. त्यांचा कंपनी कमांडर आणि आणखी एक जण जखमी होऊन पडले. नामदेवरावांनी एकेकाला उचललं आणि खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे सुरक्षित जागी पोचवलं. असं दोनदा. मग ते एकटे परत फिरले. हाताला गोळी लागून टॉमी गन सुटली तेव्हा त्यांनी हातबॉम्ब वापरले. तीन मशिनगन ठाणी त्यांनी गप्प केली. शेवटी ते बांधाच्या माथ्यावर उभे राहिले, तोफगोळे पडत असताना मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे शौर्यासाठीचं ब्रिटनचं सर्वोच्च पदक.

माझी खरी विनंती इथून पुढची आहे. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधल्या आणखी एका शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव अली हैदर, कोहाटकडचे पठाण, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे. जखमी असूनही त्यांनी दोन मशिनगन ठाणी घेतली. अडीच वर्षांच्या आत नामदेवरावांचं गाव एका देशात राहिलं आणि अली हैदरांचं दुसऱ्या. वर्गात ही दोन नावं एका श्वासात घेतली जावीत असं मला मनापासून वाटतं.

इटलीच्या मोहिमेत सहा व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैन्याकडे आले. त्यातले दोन आपल्या मराठी माणसांचे. दुसरे नाईक यशवंत घाडगे, रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी जवळून होणाऱ्या मशिनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याशिवाय कुणीच धड उरलं नाही. त्यांनी एकट्याने धाव घेतली, हातबॉम्बने मशिनगन बंद केली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते त्याच जागी पडले. वय २२. माणगावला त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना आपल्यापैकी किती जण थांबतात? इटलीतल्या मोंतोने गावात मात्र २०२३ च्या जुलैत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ : आपण सगळे एकाच सूर्याखाली.

आता ‘का’ हा प्रश्न. हे सगळे का लढत होते?

ब्राझीलचं बघा. जर्मन पाणबुड्यांनी त्यांची जहाजं बुडवली म्हणून १९४२ च्या ऑगस्टमध्ये तो देश युद्धात उतरला. पंचवीसेक हजार सैनिक त्यांनी इटलीत पाठवले. ब्राझील लढायला जाण्यापेक्षा साप चिलीम ओढेल, असं तिथे लोक म्हणत. मग त्या सैनिकांनी बाहीवर धूर सोडणाऱ्या सापाचंच चिन्ह लावलं आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये मोंते कास्तेल्लोचा डोंगर जिंकून दाखवला. परदेशात हुकूमशाहीविरुद्ध लढून आलेल्या या देशात घरी मात्र वार्गास यांची हुकूमशाही होती. त्याच वर्षी ती गेली.

अमेरिकेच्या सैन्यात जपानी वंशाच्या तरुणांची एक वेगळी रेजिमेंट होती. त्यांच्यातल्या कित्येकांचे आईवडील त्या वेळी अमेरिकेतच काटेरी तारांच्या छावण्यांमध्ये डांबलेले होते. पोरं मात्र त्याच सरकारसाठी इटलीत मरत होती. काळ्या सैनिकांची डिव्हिजनही वेगळी. फ्रान्सच्या बाजूने लढले ते बहुतांशी मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाचे लोक. रोमच्या वाटेवरच्या कॅसिनो गावाच्या दक्षिणेचे डोंगर त्यांनी ओलांडले म्हणून रोमची वाट मोकळी झाली. त्यांच्यातल्या काहींनी नंतर इटालियन खेड्यांतल्या बायकांवर केलेले अत्याचारही तितकेच खरे आहेत. तेही मुलांपासून लपवू नये, वयाला साजेशा शब्दांत सांगावं.

आणि आपण? ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं, इथल्या लोकप्रतिनिधींना न विचारता. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९४१ च्या ऑगस्टमध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली आणि प्रत्येक लोकसमूहाला आपलं सरकार निवडायचा हक्क आहे असं म्हटलं. पुढच्याच महिन्यात चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये स्पष्ट केलं की हे नाझींनी गिळलेल्या युरोपातल्या देशांविषयी होतं. तरीही १ जानेवारी १९४२ च्या ‘संयुक्त राष्ट्रां’च्या जाहीरनाम्यातल्या २६ देशांत हिंदुस्थानचं नाव आहे. गिरिजाशंकर बाजपेयी यांनी त्यावर सही केली. कागदावर आपण स्वतंत्र देशांच्या रांगेत, आणि सातच महिन्यांनी, ९ ऑगस्टच्या पहाटे, गांधीजींपासून सगळे नेते तुरुंगात. या दोन तारखा फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून मुलांना नुसतं बघत बसू द्या. ती स्वतःच बोलायला लागतील.

आमच्या साताऱ्यात हा पेच घराघरात होता. आबा इटलीत असताना जिल्ह्यात नाना पाटलांचं पत्री सरकार चालू होतं. आबांचे सख्खे चुलतभाऊ भूमिगतांना रात्री भाकऱ्या पोचवायचे. एकाच्या मनिऑर्डरीवर घर चालायचं आणि त्याच घरातली चूल ज्या सरकारने मनिऑर्डर धाडली त्याच्याविरुद्ध पेटायची. आबा परत आले तेव्हा गावात कुणी त्यांना गद्दार म्हटलं नाही, पण कुणी ओवाळलंही नाही. ते आयुष्यभर याबद्दल गप्प राहिले. मला वाटतं, आपली पाठ्यपुस्तकंही बहुधा त्यांच्यासारखीच गप्प राहिली. स्वातंत्र्यलढ्याच्या गोष्टीत हे लोक बसत नाहीत आणि इंग्रजांच्या गोष्टीत त्यांना आपण सोडू इच्छित नाही. पण हिंदी सैन्यात पंचवीस लाखांवर माणसं भरती झाली होती, आणि एकट्या इटलीत ५,७०० हून अधिक जण राहिले. त्यातल्या हिंदूंचं दहन तिथेच झालं. कबर नाही, फक्त दगडावर नाव. कुणी भाकरीसाठी गेलं, कुणी बाप-आजा पलटणीत होता म्हणून, कुणी जग बघायला. इंग्रजांवरच्या प्रेमाने गेलेला मला तरी कुणी माहीत नाही.

एकत्र लढणं म्हणजे प्रत्यक्षात काय, तेही थोडं दाखवावं. मे १९४४ मध्ये कॅसिनोपाशी गारी नदीवर आपल्या आठव्या डिव्हिजनला रणगाडे पलीकडे न्यायचे होते. रणगाडे कॅनडाचे. तयार लोखंडी पूल एका रणगाड्याच्या पाठीवर लादला, दुसऱ्याने मागून ढकलला, खालचा रणगाडा पाण्यात गेला आणि पूल पलीकडच्या काठाला टेकला. हे जमून आलं ते असं. आणि फसलं तेव्हा? त्याच्या तीन महिने आधी, १५ फेब्रुवारीला, अमेरिकी विमानांनी मोंते कॅसिनोचा शेकडो वर्षांचा मठ बेचिराख केला. मागणी चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या ब्रिटिश सेनापतीकडून न्यूझीलंडच्या जनरल फ्रेबर्ग यांच्यामार्फत वर गेली होती. आत तेव्हा जर्मन सैनिक नव्हते, आसऱ्याला आलेली गावकरी माणसं होती. विमानं हवामान बघून निघाली आणि डोंगरावरच्या आपल्या लोकांची तयारीच झालेली नव्हती. काही बॉम्ब आपल्याच माणसांजवळ पडले. नंतर जर्मन त्या ढिगाऱ्यात शिरून बसले आणि तो घ्यायला आणखी तीन महिने लागले. गोरखे त्या कड्याखाली कित्येक दिवस अडकून पडले होते.

शेवटी १८ मे ला त्या ढिगाऱ्यावर झेंडा लागला तो पोलंडचा. आणि इथून गोष्ट थेट आमच्या कोल्हापुरात येते.

१९३९ मध्ये पोलंडचा पूर्व भाग रशियाने घेतला आणि लाखो लोकांना सायबेरिया-कझाकस्तानात हाकललं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा रशिया ‘दोस्त’ झाला, आणि त्याच कैद्यांमधून जनरल अँडर्स यांनी सैन्य उभं केलं. १९४२ मध्ये ते इराणात बाहेर पडले, बरोबर हाडांचे सापळे झालेल्या बायका-मुलांचे तांडे. सैनिक इराक-पॅलेस्टाईनमार्गे इटलीला गेले. बायका-मुलांतली काही जामनगरजवळ बालाचडीला आली, आणि सुमारे ५,००० माणसं आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला. १९४३ ते १९४८ ती इथे राहिली. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकं, सगळं पोलिश. अनेकांचे वडील, नवरे, भाऊ कॅसिनोच्या डोंगरावर होते. म्हणजे पोलिश शिपायाचं कुटुंब पंचगंगेच्या पाण्यावर जगत होतं आणि मराठा शिपाई त्या पोलिश शिपायाच्या शेजारी इटलीत लढत होता. हे मी पहिल्यांदा नकाशावर बोट ठेवून पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला रूझवेल्ट, चर्चिल, स्टालिन बसले आणि पोलंडचा पूर्व भाग रशियाकडेच ठेवायचं ठरवलं. अँडर्सच्या बहुतेक सैनिकांची गावं तिथलीच. जनरलनी सैन्य आघाडीवरून काढून घ्यायची भाषा केली, पण त्यांची जागा घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. ते थांबले. दोन महिन्यांनी सेनियोवर लढले आणि २१ एप्रिलला बोलोन्यात शिरले. ज्या घरासाठी निघालो ते घर आता नकाशावर आपलं नाही, हे माहीत असताना. १९४६ च्या लंडनच्या विजय संचलनात त्यांच्या पलटणी नव्हत्या. कॅसिनोच्या पोलिश दफनभूमीत हजारावर कबरी आहेत. तिथे कोरलंय की आम्ही आत्मा देवाला दिला, देह इटलीच्या मातीला आणि काळीज पोलंडला.

वळिवड्याच्या लोकांनाही परतायला गाव उरलं नव्हतं. छावणी रिकामी झाली, आणि त्याच बराकींत फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. आजचं आमचं गांधीनगर ते हेच. दिवाळीचे कपडे घ्यायला आम्ही सगळे तिथेच जातो. मी कित्येक वर्षं गेले आणि मला काही ठाऊक नव्हतं. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाने स्मारक आहे आणि इथे महावीर उद्यानात त्या पोलिश माणसांचं, पण शाळेची सहल पन्हाळ्याहून सरळ रंकाळ्यावर जाते.

तर बाई, सर, माझं मागणं छोटं आहे. अभ्यासक्रम बदलायला वर्षं लागतील, ते मी मागत नाही. दोन याद्या लिहून झाल्या की एक तास सेनियोला द्या. मुलांना आघाडीवरची एकेक पलटण वाटून द्या आणि विचारा : तू इथे का आलास, कुणी आणलं, घरी काय चाललंय, आणि युद्ध संपल्यावर तुला काय मिळणार? कोल्हापूर-सांगलीच्या शाळांनी वळिवडे स्टेशन आणि गांधीनगर दाखवावं, कोकणातल्यांनी माणगावला उतरावं, संगमनेरच्यांनी निमजला जावं. आणि सातारा-सांगलीच्या पोरांना सांगा की घरातली जुनी ट्रंक आजी-आजोबांसमोर उघडा. ‘बर्मा स्टार’, ‘आफ्रिका स्टार’, ‘इटली स्टार’ अजून निघतील. मोडीत गेले नसतील तर.

आबांचा तारा आता माझ्याकडे आहे. जवळपासच्या कुठल्याही शाळेने बोलावलं तर मी तो घेऊन येईन, मुलांनी हातात धरून बघावा. ९ एप्रिल परीक्षांत जातो, त्याचा उपयोग नाही. पण १० जुलैला शाळा सुरू होऊन महिना होत आलेला असतो आणि यशवंत घाडगे गेले तो तोच दिवस. त्या दिवशीचा एक तास मागते आहे. माझी मुलगी बरोबर येईल, तिला तो प्रश्न परत एकदा विचारायचा आहे.

आपली,
इटलीत लढलेल्या एका मराठा शिपायाची नात